रात्री-अपरात्री परदेशी बंदरात बोट लागली, तर कस्टम्सची प्रक्रिया कशी करावी

टोंगाहून न्यूझीलंडकडे शिडाच्या बोटीने निघालं की हजारएक समुद्री मैल कापायला आठ-दहा दिवस लागतात. शेवटच्या दिवशी वारा पडला, की दुपारी पोहोचायचा बेत मध्यरात्रीवर जातो. तोवर कस्टम्सचं कार्यालय बंद झालेलं असतं. नवख्या माणसाला इथेच धास्ती वाटते: आता जायचं कुठे, कळवायचं कुणाला, उतरलो तर गुन्हा होईल का?

घाबरायचं कारण नाही. अवेळी पोहोचणं हा गुन्हा नाही, न कळवता पोहोचणं आणि तपासणीआधी उतरणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडच्या उत्तरेला बे ऑफ आयलंड्समधल्या ओपुआ बंदराची पद्धत मला चांगली माहीत आहे, म्हणून तिच्याच आधाराने सांगतो.

निघण्याआधी

रात्रीची निम्मी काळजी इथेच मिटते. न्यूझीलंडच्या हद्दीत शिरण्याच्या किमान 48 तास आधी आगमनाची सूचना कस्टम्सला पोहोचायला हवी. समुद्रात इंटरनेटची खात्री नसते, म्हणून आधीच्या बंदरातूनच ईमेल करून टाका. पोहोचण्याची वेळ न्यूझीलंडच्या घड्याळाने लिहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चक्रीवादळांच्या मोसमाआधी बोटी दक्षिणेकडे उतरतात तेव्हा, तिथलं घड्याळ भारताच्या साडेसात तास पुढे असतं. वेळ अंदाजाने दिली तरी चालते, बदलली की रेडिओवरून किंवा सॅटेलाइट ईमेलने कळवायची.

बंदरही मनाने निवडता येत नाही. परदेशातून आलेल्या बोटीने ठरावीक बंदरांतच आधी लागायचं असतं: ओपुआ, व्हांगारेई, ऑकलंड अशी ती यादी आहे. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली शिडाची बोट ‘म्हादेई’ घेऊन 2009-10 च्या सागरपरिक्रमेत, म्हणजे एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत, जिथे थांबले, ते लिटेल्टनही त्यातच येतं. वाटेत एखादी सुंदर खाडी दिसली म्हणून ‘आजची रात्र इथे नांगर टाकू, सकाळी ओपुआला जाऊ’ असं करू नका. जीवावरचं संकट किंवा वैद्यकीय अडचण असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही ताबडतोब कळवावं लागतं.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. न्यूझीलंडचा व्हिसा आधीच काढलेला हवा. युरोपीय सोबत्यांना लागत नाही म्हणून आपल्यालाही लागणार नाही, असं गृहीत धरून बोटीवर चढू नका.

बोटीचं बूडही स्वच्छ हवं. 2018 च्या मे महिन्यापासून हा नियम सक्तीचा आहे. शेवाळ आणि कालवं चिकटलेली बोट परकी जीवसृष्टी सोबत आणते. बूड घासल्याचे तारखेसह फोटो आणि बुडाला लावलेल्या रंगाची पावती जपून ठेवा, सकाळी अधिकारी तेच मागतात.

अंधारात शिरायचं की बाहेर थांबायचं

हा निर्णय तुमचाच. समुद्र शांत असेल आणि माणसं थकलेली असतील, तर किनाऱ्यापासून लांब शिडं कमी करून उजाडेपर्यंत थांबणं अगदी शहाणपणाचं. अनोळखी खाडीत थकल्या डोळ्यांनी घुसण्यापेक्षा एक रात्र जास्त गेलेली परवडली.

शिरायचंच ठरलं तर बे ऑफ आयलंड्सच्या तोंडाशी असलेलं केप ब्रेटचं दीपगृह डाव्या हाताला ठेवून आत या. तिथून ओपुआपर्यंत पाच नॉट (ताशी पाच समुद्री मैल) वेगाने साधारण तीन तास लागतात. शेवटचा टप्पा व्हेरॉनिका चॅनेलमधून जातो. एक गोष्ट आपल्या सोयीची: पाण्यातली वाट दाखवणाऱ्या खुणांचे रंग भारतातल्यासारखेच आहेत, आत शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकेकडून आलेल्यांचा इथे घोळ होतो, कारण त्यांच्याकडे उलटं असतं.

पिवळा बावटा न्यूझीलंडच्या हद्दीत शिरतानाच डोलकाठीच्या उजव्या बाजूला चढवा. आमच्याकडे तपासणी बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

धक्क्यावर

मी पहिल्यांदा खलाशी म्हणून ओपुआला लागलो तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. टॉर्चच्या उजेडात तरंगता धक्का दिसला. बोट धक्क्यावर घासू नये म्हणून फेंडर लावले, दोर बांधले, आणि मग लक्षात आलं की समोर मरीनाचे, म्हणजे बोटींच्या तळाचे दिवे आहेत, पण तिथवर जायला वाटच नाही. क्वारंटाइनचा हा धक्का मुद्दाम किनाऱ्याशी न जोडता ठेवलाय. दिवसरात्र कधीही या, बांधा आणि थांबा. कांद्याचा वास, ओले बूट, कुणीच बोलत नव्हतं. इतकी गाढ झोप मला जमिनीवरही कधी लागलेली नाही.

दोर बांधण्यापुरतंच उतरा. शेजारच्या बोटीवर चहाला जाऊ नका, त्यांचं काही घेऊ नका, आपलं काही देऊ नका. कचरा पाण्यात टाकणं तर सोडूनच द्या. सगळा बोटीवरच ठेवायचा.

झोपण्याआधी अर्धा तास काढून कागद एका फाइलमध्ये लावा: पासपोर्ट, बोटीची नोंदणी, आधीच्या बंदराचा निघण्याचा परवाना, बोटीवरच्या माणसांची यादी, औषधांची चिठ्ठी. मग खाण्याचं कपाट उघडा. मध, ताजी फळं-भाज्या, मांस, मोड आलेली कडधान्यं, कुंडीतला कढीपत्ता, सगळं एका जागी काढून ठेवा. काय जाईल आणि काय राहील ते तपासणारे ठरवतील, आपलं काम फक्त सगळं सांगणं. आईने दिलेली मधाची बाटली लपवून ठेवावीशी वाटते, पण तिथली शेती आणि मधमाश्या यांचा हा प्रश्न आहे. द्या ती.

सकाळी कार्यालय उघडलं की अधिकारी बोटीवर येतात. तोवर धीर धरा.

दुसऱ्या देशांत

सगळीकडे असं नसतं. त्रिनिदादच्या चागुआरामसमध्ये रात्रीही कस्टम्स उघडं असतं, पण कामाच्या वेळेबाहेर ओव्हरटाइमचे पैसे द्यावे लागतात. पावती मागून घ्या. अमेरिकेत पोहोचल्याबरोबर कळवावं लागतं, त्यासाठी फोन आणि रोम नावाचं अॅप आहे. म्हणून निघण्याआधी त्या-त्या देशाच्या कस्टम्सच्या संकेतस्थळावरून वेळा, फी आणि रेडिओ चॅनेल एका कागदावर हाताने उतरवून चार्ट टेबलावर चिकटवा.

ओपुआत शिक्का मिळाला की पिवळा बावटा उतरवा आणि त्याच दोरीवर न्यूझीलंडचा ध्वज चढवा. बोटीसाठी मिळालेला तात्पुरत्या आयातीचा कागद फाइलमध्ये वर ठेवा, त्यावर चोवीस महिन्यांपर्यंत कर न भरता बोट तिथे ठेवता येते. मग मरीनात जाऊन गरम पाण्याने अंघोळ करा.