जुनी लक्झरी एसयूव्ही सोलापुरात सांभाळायची तर

सत्तर लाखांची एसयूव्ही आठ-दहा वर्षांनी बारा-चौदा लाखांत मिळते. उतरते ती गाडीची किंमत. टर्बो, इंजेक्टर, हेडलाइट, हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणाऱ्या एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर हे सगळं मात्र सत्तर लाखांच्या गाडीच्याच भावानं येतं. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना आपण काय मोजले ते विसरा आणि ती गाडी शोरूममधून निघाली तेव्हा किती रुपयांची होती ते डोळ्यांसमोर ठेवा.

सोलापूरकराच्या हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो आणि इंजिनभोवतीचं प्लास्टिक-रबर थंड मुलखापेक्षा लवकर कडक होऊन तडकतं. दुसरी म्हणजे अंतर. जर्मन गाड्यांच्या मोठ्या अधिकृत वर्कशॉपसाठी बहुतेकांना पुणं गाठावं लागतं, म्हणजे एका बाजूनं अडीचशे किलोमीटर. गाडी बंद पडली तर दुरुस्तीच्या बिलात गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचं भाडं आलंच.

कोणत्या इंजिनला काय होतं

नुसतं ‘ऑडी घेऊ की बीएमडब्ल्यू’ असं ठरवून भागत नाही. कोणतं इंजिन, कोणत्या साली बनलेलं, हे आधी बघा.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या एक्स १ आणि एक्स ३ मध्ये एन ४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणारी त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन ताणली, गाइड झिजले की १,५०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान घासल्यासारखा खरखर आवाज येतो. तो ऐकायला बोनेट उघडून काचेच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या टोकाशी कान न्या. समोर उभं राहून तो नीट कळत नाही. चेन बदलायची तर बहुतेक वेळा इंजिन खाली उतरवावं लागतं. आवाज दुर्लक्षून गाडी चालवली आणि चेन तुटली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. नंतरच्या बी ४७ इंजिनात हा त्रास बराच कमी आहे. एकाच किमतीत दोन्ही समोर असतील तर थोडं जास्त चाललेलं बी ४७ घ्या.

मर्सिडीजच्या एमएल ३५० मधलं ओएम ६४२ हे व्ही-सिक्स डिझेल दणकट आहे, पण ऑइल कूलर दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खाचेत, अगदी तळाशी बसवलाय. त्याचे सील उष्णतेनं कडक होतात, ऑइल खाचेत साठतं आणि मागून गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणावर ओघळतं. सील स्वस्त आहेत, पण तिथं हात पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावे लागतात, म्हणून मजुरी मोठी. रॅम्पवर चढवून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओलं काळं ऑइल दिसलं, तर ‘क्रँकचा मागचा सील गेलाय’ असं लगेच मान्य करू नका. कूलरचे सील आधी तपासायला सांगा.

ऑडीच्या पहिल्या पिढीच्या क्यू ७ मधल्या ३.० टीडीआय डिझेलची चेनही मागेच आहे. थंड इंजिनच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडाट झाला तर चेन ताणून धरणारा टेन्शनर संशयित धरा. लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ च्या तीन लिटर डिझेलमध्ये क्रँकशाफ्टची बेअरिंगं जाऊन क्रँक तुटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. ऑइल वेळेवर बदलल्याची पावतीनिशी नोंद नसेल, तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. व्होल्वो एक्ससी ६० च्या पाच सिलिंडरच्या डी ५ ला चेन नाही, बेल्ट आहे. बेल्ट किलोमीटरनं जसा झिजतो तसा वयानंही जातो, तेव्हा कमी चाललेल्या जुन्या गाडीतही तो बदलल्याचा कागद मागा.

बघायला जाताना

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका.’ पोचल्यावर बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर थंड स्टार्टचा आवाज तुमच्यापासून लपवला गेलाय.

एअर सस्पेन्शनची गाडी असेल (क्यू ७, डिस्कव्हरी ४ आणि एअरमॅटिकवाल्या मर्सिडीज) तर सोबत शिवणकामाची टेप न्या. आदल्या संध्याकाळी सपाट जागेवर चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, सकाळी स्टार्ट न करता पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन-तीन सेंटिमीटर बसला असेल तर तिथली हवेची पिशवी गळतेय. गळकी पिशवी तशीच ठेवली की कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, तापतो आणि जळतो. म्हणजे एकाच्या जागी दोन भाग बदलायची वेळ येते. पहिल्या पिढीची क्यू ५, एक्स १, एक्स ३ या गाड्या सहसा स्टीलच्या स्प्रिंगवर आहेत. सोलापुरात ठेवायची गाडी शक्यतो तशीच बघा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि कायम आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ आहे का बघा. स्टेपनीचा खड्डा आणि पुढच्या सीटखालचा गालिचा उचला. या गाड्यांची बरीच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सीटखाली किंवा गालिच्याखाली असतात. तिथं एकदा पाणी गेलं की गंज आत हळूहळू चढतो आणि वर्षभरानं कधी खिडकी, कधी सेंट्रल लॉक, कधी सेल्फ बंद पडतो.

मीटर मागे केलाय का, ते स्कॅनरवर कळतं. हजार-पंधराशेचा ब्लूटूथ डोंगल साधारण फक्त इंजिनचे कोड दाखवतो, त्यावर विसंबू नका. ऑडीसाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर असलेला इलेक्ट्रिशियन शोधा आणि गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन करून प्रिंट घ्या. वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये किलोमीटरच्या नोंदी राहिलेल्या असतात. ऑडीच्या डिझेलमध्ये डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठलेल्या राखेचा आकडाही दिसतो. काजळी जळून जाते, राख जळत नाही, ती किलोमीटरबरोबर वाढतच जाते. मीटर साठ हजार दाखवतोय आणि फिल्टर राखेनं भरत आलाय, तर कुणीतरी खोटं बोलतंय.

मग टेस्ट ड्राइव्ह. होटगी रोडवर एक चक्कर मारून काही कळत नाही. तुळजापूरच्या रस्त्याला घ्या, घाट चढवा, एसी चालूच ठेवा. चढावर गिअर बदलताना झटका, थरथर किंवा आरपीएम उगाच वर जाणं लक्षात ठेवा. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा आणि रेडिएटरचा पंखा, तापमान, एसीची हवा बघा. डॅशबोर्डवरच्या एसीच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचा. चालत्या गाडीत हवा १२ अंशांच्या खाली येत नसेल तर भाव करताना एसीचं काम धरून बोला.

कागद

परराज्यातली डिझेल गाडी स्वस्त दिसते, त्याचं कारण बऱ्याचदा दिल्ली-एनसीआरमध्ये आहे. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले आणि त्या गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. अशी गाडी एमएच १३ वर (सोलापूरच्या नोंदणीवर) आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. शिवाय महाराष्ट्राचा एकरकमी कर नव्यानं भरावा लागतो. तो वयाप्रमाणे कमी होतो, पण गाडीच्या मूळ किमतीवरून निघतो. आरटीओत नेमका आकडा काढून घेतल्याशिवाय इसार देऊ नका. थकलेले ई-चलान आणि एचएसआरपी नंबरप्लेटही त्याच फेरीत बघून घ्या.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, म्हणून हप्ता जुन्या पॉलिसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त बसतो.

घेतल्याबरोबर

आधीच्या मालकानं काय केलं, काय नाही, या चर्चेत न पडता सगळी ऑइलं आणि फिल्टर एकदम बदला. यासाठी आणि निघालेल्या कामांसाठी गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी काढून ठेवा. चौदा लाखांच्या गाडीला अडीच लाख हाताशी हवेत. नसतील तर अकरा लाखांची गाडी बघा.

इंजिन ऑइल डब्यावरच्या ‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दांवरून घेऊ नका, मागचा मंजुरी क्रमांक वाचा. डीपीएफ असलेल्या ऑडीला व्हीडब्ल्यू ५०७.००, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ ०४, मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२. एन ४७ ला ५.२ लिटर लागतं, मर्सिडीज-ऑडीच्या व्ही-सिक्सना आठ लिटरच्या आसपास. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असेल तरी इथल्या उन्हात आणि धुळीत ८ ते १० हजारांवर किंवा वर्षाला बदला.

गिअरबॉक्सला ‘लाइफटाइम ऑइल’ असतं, ते बदलायचं नसतं, असं काउंटरवर सांगतात. झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हर सगळ्यांकडे आहे, आणि तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. या बॉक्सचा पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच असतो, म्हणून पॅन, बोल्ट आणि साधारण सहा-सात लिटर ऑइल असा पूर्ण संच मागवावा लागतो. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांत असताना. हे तापमान स्कॅनरवरच दिसतं. ‘अंदाजे भरलं, साहेब’ म्हणणाऱ्या फिटरकडे हे काम देऊ नका. ऑइल कमी पडलं की क्लच घसरून जळतात.

कूलंट टाकीत बोअरचं पाणी ओतलेलं असेल तर सिस्टिम धुऊन काढा. क्षारांचे थर हीटर कोअर आणि कूलरच्या बारीक नळ्यांत बसतात. पुढं फक्त कंपनीच्या मंजुरीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. एक्स्पान्शन टाकी, तिचं झाकण आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर आठ वर्षांचं झालं असेल तर उन्हाळ्याआधीच बदला. मोहोळच्या पुढं भर दुपारी पाइप फुटला आणि लाल दिवा लागल्यावरही गाडी पुढं दामटली, तर इंजिनचं सिलिंडर हेड वाकतं.

दरवर्षी मार्चमध्ये पुढचा बंपर उतरवून एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटी धुऊन घ्या. तिथं माती आणि उसाच्या पाचोळ्याची चक्क गादी बसलेली असते. कमी दाबाचं पाणी मागून पुढं मारा. प्रेशर वॉशरनं पातळ पंख दुमडतात आणि हवा जाणं कायमचं बंद होतं.

डीपीएफ आणि छोट्या फेऱ्या

जुळे सोलापूर ते सात रस्ता, तिथून नवी पेठ, परत घर. अशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. फिल्टरमधली काजळी जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल फवारते आणि मध्येच चावी बंद केली तर ते डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढत असेल तर आनंद मानू नका, ते पातळ झालंय, लगेच बदला. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा पुणे रस्त्यानं मोहोळपर्यंत जाऊन या, २,००० आरपीएमच्या वर, न थांबता. फिल्टर काढून टाकून सॉफ्टवेअरनं दिवा घालवणारे भेटतील. ते बेकायदा आहे आणि गाडीमागच्या प्रत्येक दुचाकीवाल्याच्या छातीत तो धूर जातो. रोज पाच किलोमीटरच चालवणार असाल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा.

वर्षाचा हिशेब

चौदा लाखांची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते असं धरू. दहाचं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरलं तर इंधन १,०८,०००. सर्व्हिस ३५,००० आणि विमा ४०,००० धरा. १५०० सीसीवरच्या कारचा नुसता थर्ड पार्टीचा दरच २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे ७,८९७ रुपये होता. १८ इंची टायर १८ हजाराला एक धरून संच ७२,००० चा, तो ४०,००० किलोमीटर चालला तर वर्षाचे २१,६००. दुरुस्तीसाठी दरवर्षी एक लाख बाजूला टाकायचेच, खर्च झाले नाहीत तरी. बेरीज तीन लाखांच्या थोडी वर, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार.

टायरवर काटकसर करू नका. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले लागतात. एकच नवा टाकला तर चाकांचा घेर वेगवेगळा होतो आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग सरळ रस्त्यावरही घासत राहतो. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, मे महिन्यात हायवेवर नेऊ नका.

बॅटरी एजीएम प्रकारचीच टाका आणि बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी स्कॅनरनं नोंदवून घ्या. नाहीतर गाडी तिला जुनी समजून चार्ज करते आणि नवी बॅटरीही लवकर बसते.

गाडी घेतानाच डिक्कीतली ओढायची कडी आहे का बघा. ती बंपरमधल्या झाकणामागं आटे देऊन बसवतात आणि जुन्या गाड्यांत हमखास हरवलेली असते. ती नसेल तर बंद पडलेली गाडी फ्लॅटबेडवर चढवताना साखळी सस्पेन्शनच्या आर्मला अडकवली जाते आणि तो वाकतो. दोन चाकं उचलून नेणारी क्रेन आली तर तिला परत पाठवा. ऑल व्हील ड्राइव्हची मागची चाकं अडीचशे किलोमीटर रस्त्यावर फिरत गेली, तर पुण्यात पोचेपर्यंत गिअरबॉक्सचं कामही यादीत आलेलं असेल.