काठ कुठं गेला? इमेजव्ह्यूत फोटो बसवताना खाल्लेली बोलणी

पैसे मिळालेलं माझं पहिलं काम म्हणजे सोलापुरात नव्या पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाचं अँड्रॉइड कॅटलॉग ॲप. कोर्समध्ये लॉगिन, डेटाबेस सगळं घोकून झालं होतं. चौकटीत फोटो बसवण्यात काय शिकायचंय, असं वाटायचं.

दुकानातल्या पोरानं चादरी टांगून फोनवर उभे फोटो काढले होते. मी ग्रिडमध्ये 120 बाय 120 डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेप्रमाणे पिक्सेल बदलणारं माप) चौकोनी इमेजव्ह्यू, म्हणजे फोटोची चौकट, ठेवला आणि स्केलटाइप, म्हणजे फोटो चौकटीत कसा बसवायचा ती सेटिंग, दिला फिटएक्सवाय. चौकट भरली, पण चादरीवरचे मोर दबून बदकं झाले. मग सेंटरक्रॉप लावला. हा प्रमाण बिघडवत नाही, चौकट भरतो आणि उरलेलं कापून टाकतो. स्क्रीन अशी देखणी दिसली की मी लगेच दाखवायला पळालो. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काठ कुठं गेला बे? गिऱ्हाईक आधी काठ बघतंय."

वरचा-खालचा काठ नेमका सेंटरक्रॉपनं खाल्ला होता. फिटसेंटर (काहीच लिहिलं नाही तर हाच लागतो) अख्खा फोटो दाखवतो, पण बाजूला रिकाम्या पट्ट्या सोडतो. त्या मला बघवत नाहीत. शेवटी चौकटच बदलली. फोटो 3:4 चे होते, म्हणून इमेजव्ह्यू 120 बाय 160 केला. आता या तिघांतला कुठलाही स्केलटाइप द्या, चौकट भरते आणि काठही दिसतो. तेव्हापासून लेआउटला हात लावण्याआधी मी ज्याचा माल आहे त्यालाच विचारतो, यातलं काय कापलं तर चालेल? चेहऱ्याच्या गोल फोटोंना मात्र सेंटरक्रॉपच बरा.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच: यूआयइमेजव्ह्यू मुळातच फोटो ताणून बसवतो. ॲस्पेक्ट फिल (तिकडचा सेंटरक्रॉप) लावलात तर क्लिप्स टू बाउंड्स चालू करा, नाहीतर फोटो चौकटीबाहेर सांडतो.

खरी फजिती पुढं झाली. मालकांच्या जुन्या फोनवर दहा-बारा चादरी सरकवल्या की ॲप बंद. चौकट लहान म्हणजे फोटोही लहान, हा माझा समज. पण 3000 बाय 4000 चा फोटो पूर्ण उघडला, की दर पिक्सेलला 4 बाइट धरून 4 कोटी 80 लाख बाइट मेमरी जाते, मग तो नखाएवढा का दिसेना. तिप्पट घनतेच्या स्क्रीनवर 120 डीपी म्हणजे फक्त 360 पिक्सेल. इनसँपलसाइझ (फोटो दर बाजूनं किती पट लहान करून उघडायचा तो आकडा) 8 दिला, फोटो 375 बाय 500 चा उघडला, साडेसात लाख बाइटांत भागलं. ग्लाइडसारखी फोटो उघडून दाखवणारी तयार लायब्ररी हे आपोआप करते. तरी एकदा हातानं करून बघाच, नाहीतर ती नक्की काय वाचवते ते कळत नाही.

मालकांनी दोनदा खालीवर सरकवून बघितलं. ॲप चाललं. म्हणाले, "झ्याक. आता टॉवेल टाक की." फोल्डर उघडलं, तर टॉवेलचे सगळे फोटो आडवे.