प्रवेशबंदीच्या ठिकाणी जाताना पिस्तूल गाडीत कसे ठेवावे

अमेरिकेत शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना मिळाला म्हणजे ते सगळीकडे नेता येते असे नाही. फेडरल (म्हणजे केंद्र सरकारची) कार्यालये, न्यायालये, शाळा, विमानतळावरील तपासणीपलीकडचा भाग अशा ठिकाणी परवानाधारकालाही पिस्तूल मागे ठेवूनच जावे लागते आणि बहुतेकांना ते ठेवायला गाडीखेरीज दुसरी जागा नसते. गाडी मात्र शस्त्र ठेवण्याची फार कच्ची जागा आहे, कारण तिची काच फोडायला चोराला काही क्षण पुरतात. त्यामुळे अशा ठिकाणी काम आहे हे घरातून निघतानाच ठाऊक असेल, तर पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहू द्यावे. ज्या दिवशी ते जमण्यासारखे नसेल, त्या दिवशी पिस्तूल कमीत कमी वेळा हाताळले जाईल आणि गाडीत कमीत कमी वेळ राहील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

सर्वप्रथम बंदी फक्त इमारतीपुरती आहे की पार्किंगलाही लागू आहे, हे पाहावे. फेडरल इमारतीत जाणूनबुजून शस्त्र नेल्यास १ वर्षापर्यंत आणि फेडरल न्यायालयाच्या इमारतीत नेल्यास २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु हे कलम इमारतीबद्दल आहे. टपाल खात्याचा नियम त्याहून पुढे जातो. तो खात्याच्या संपूर्ण आवारात, म्हणजे पार्किंगमध्येही, शस्त्र ठेवण्यास मनाई करतो आणि २०१५ साली दहाव्या सर्किटच्या (काही राज्यांसाठीच्या फेडरल) अपील न्यायालयाने पार्किंगवरील ही बंदी ग्राह्य धरली होती. या नियमावर न्यायालयांत वाद झालेले असले, तरी पोस्टात जाताना गाडी आवाराबाहेर रस्त्यावर लावणे हेच शहाणपणाचे आहे. लष्करी तळाच्या फाटकातून तर गाडीत शस्त्र ठेवून परवानगीविना आत जाऊच नये. राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र बाळगता येते, पण तेथील माहिती केंद्र ही फेडरल इमारत असल्यामुळे तिच्या दारापासून बंदी सुरू होते. शाळेभोवतीच्या १,००० फुटांच्या क्षेत्रात शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा वेगळा फेडरल कायदा आहे. त्यातून शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला सूट मिळते, तसेच रिकामे करून कुलूपबंद पेटीत ठेवलेल्या शस्त्रालाही मिळते. दुसऱ्या राज्याच्या परवान्यावर विसंबून मुलांना शाळेत सोडायला जाणाऱ्या पालकांनी ही अट नीट समजून घ्यावी.

राज्यांचे नियम याहून भिन्न आहेत. कॅलिफोर्नियात माणूस नसलेल्या गाडीत पिस्तूल ठेवायचे असेल, तर ते कुलूपबंद डिकीत किंवा नजरेआड ठेवलेल्या कुलूपबंद पेटीत असावे लागते आणि ग्लोव्ह बॉक्स ही तेथे कायद्याच्या दृष्टीने पेटी ठरत नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून कठीण आवरणाची कुलूपबंद पेटी, ती बाहेरून न दिसणे आणि गाडीलाही कुलूप या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. राज्याची हद्द ओलांडून प्रवास करताना १९८६ च्या फेडरल कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर पिस्तूल रिकामे असावे आणि पिस्तूल व काडतुसे दोन्ही प्रवाशांच्या हाताशी नसावीत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत ती ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल (पुढच्या आसनांमधला कप्पा) सोडून अन्य कुलूपबंद पेटीत ठेवावी लागतात.

पेटी घेताना पिस्तूल होल्स्टरसकट (कमरेला लावायच्या म्यानासकट) तिच्यात बसते का, हे प्रत्यक्ष ठेवून पाहावे, कारण सुरक्षिततेचा खरा भाग येथेच आहे. गाडीच्या आसनावर अवघडून बसलेल्या स्थितीत पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढणे आणि तासाभराने पुन्हा आत सरकवणे, या दोन हालचालींतच चुकून गोळी सुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकलेला असताना कंबरपट्ट्याची क्लिप सोडवून सगळे एकत्रच उचलले, तर ट्रिगरला बोट, शर्टाचे टोक किंवा दोरी लागण्याचा प्रश्नच उरत नाही. यासाठी सहज निघणाऱ्या क्लिपचे कायडेक्सचे (कडक प्लॅस्टिकचे) होल्स्टर सोयीचे पडते. पोलादी पेटी जाड तारेच्या दोराने आसनाच्या चौकटीला बांधावी, नाहीतर चोर पेटीच उचलून नेईल. विजेवर चालणाऱ्या कुलपाची बॅटरी वेळेवर बदलावी आणि त्याची जादा किल्ली गाडीत ठेवू नये.

हे सारे जेथे जायचे आहे तेथल्या पार्किंगमध्ये करू नये. पार्किंगमध्ये कमरेशी हात नेणारा आणि आसनाखाली वाकणारा माणूस पाहणाऱ्याला सर्व काही सांगून जातो. आधीच्या एखाद्या निवांत, कायदेशीर जागी थांबून, गाडी बंद करून आणि हँडब्रेक लावून होल्स्टर पेटीत ठेवावे, नळीचे तोंड माणसांपासून दूर असू द्यावे, झाकण लावून ते एकदा ओढून पाहावे आणि मगच पुढे निघावे. पिस्तूल रिकामे करणे कायद्याने आवश्यक असेल, तर ते शक्यतो घरीच करावे. तेव्हा आधी मॅगझिन (काडतुसांचा खोका) काढावे, नंतर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधील (नळीच्या मागच्या खोबणीतील) काडतूस बाहेर पाडावे आणि चेंबर डोळ्यांनी व बोटानेही तपासावे. क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये शिरते. एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये भरल्याने त्याची गोळी हळूहळू कवचात मागे दाबली जाते आणि झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढतो, म्हणून असे काडतूस बाजूला काढावे.

आपल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद वगळता, फेडरल कायद्याने शस्त्राचा ताबा ठेवता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. पती नागरिक आणि पत्नी व्हिसावर किंवा याच्या उलट, अशा घरांत गाडी दोघे चालवतात. शस्त्र हातात न घेताही त्यावर नियंत्रण असणे हा कायद्याने ताबा ठरू शकतो, त्यामुळे पेटीची किल्ली वा कुलपाचे अंक व्हिसाधारकाकडे नसावेत आणि व्हिसाधारक गाडी नेणार असेल, तर त्यापूर्वी पिस्तुलाच्या मालकाने ते काढून घ्यावे. गाडी व्हॅलेकडे (ती पार्क करून देणाऱ्या माणसाकडे) किंवा गॅरेजमध्ये देतानाही तेच करावे.

काचेवर किंवा बंपरवर शस्त्रांच्या कंपन्यांची चिन्हे लावू नयेत, कारण कोणती गाडी फोडावी हे ती चोराला आयते सांगतात. रात्रभर पिस्तूल गाडीत कधीही राहू देऊ नये. पिस्तुलाचा अनुक्रमांक, कंपनीचे नाव आणि छायाचित्र घरी नोंदवून ठेवावे. परत आल्यावर दार उघडण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि कुलूप किंवा काच तोडलेली दिसली, तर काहीही न हाताळता पोलिसांना बोलावून अनुक्रमांक लगेच द्यावा. अनेक राज्यांत शस्त्राची चोरी ठरावीक मुदतीत कळवणे बंधनकारक आहे.