आधी गुत्ता शोधा, मग थडगं

"आमच्या घराण्याचं लेस्टरमध्ये मोठं हॉटेल होतं." सासूबाईंचं हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्या नाताळापासून ऐकत आले. कुठे होतं, कुणी चालवलं, कधी बंद पडलं, यातलं काहीच त्यांना सांगता येत नसे. खापरपणजोबांचं नाव तेवढं माहीत होतं. ते नाव आणि आडनाव दोन्ही इतकं साधं, की गल्लीत हाक मारली तर चार जणांनी वळून बघावं.

मी नाशिकची. लहानपणी वडिलांबरोबर रामकुंडावर गेले होते. आमच्या तीर्थोपाध्यायांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, आत जाऊन लाल कापडात बांधलेला चोपडा आणला आणि दहा मिनिटांत सात पिढ्या वाचून दाखवल्या. तेव्हा मनात हिशेब असा होता की, आमच्याकडे हे जमतं तर सगळं लिहून ठेवणाऱ्या इंग्रजांकडे एका शनिवार-रविवारात काम व्हावं. प्रत्यक्षात अडीच वर्षं लागली, आणि त्यातले आठ महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होते. पूर्वज शोधण्याच्या या नादाला नव्याने लागणाऱ्यांचे ते आठ महिने वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे. परदेशात राहणाऱ्या, इंग्रज घरात पडलेल्या मराठी मुली आता काही कमी नाहीत.

सुरुवात सगळे दफनाच्या नोंदींपासून करतात. मीही तेच केलं. इंग्लंडात चर्चची रजिस्टरं १५३८ पासून ठेवली जातात. जन्माची म्हणून जी समजतात ती खरं तर बाप्तिस्म्याची, आणि मृत्यूची म्हणून जी समजतात ती दफनाची. म्हणजे वहीतली तारीख माणूस मातीत गेल्याची असते, गेल्याची नव्हे. १८१३ पासून छापील नमुना आला. त्यात नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही एवढंच असतं. बापाचं नाव, धंदा, मृत्यूचं कारण यांना रकानाच नाही. १८१३ च्या आधी तर पाद्र्याची मर्जी. कुणी 'विधवा अमुक' एवढंच लिहून मोकळा होतो. कुणी गावातल्या भांडणासकट लिहितो, आणि असा पाद्री मिळाला तर देव पावला समजा.

मला एका खेड्याच्या वहीत नाव सापडलं. दफन १८६६ मध्ये, वयही साधारण जुळणारं. राहण्याच्या ठिकाणी लिहिलं होतं 'युनियन'. युनियन म्हणजे वर्कहाउस, कंगालांचं सरकारी आश्रयस्थान. झालं! हॉटेल बुडालं, मालक रस्त्यावर आला, वर्कहाउसमध्ये मेला, अशी अख्खी कथा मी मनातल्या मनात रचली आणि एका रविवारी जेवताना सांगूनही टाकली. सासूबाईंनी डोळे पुसले. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पुढे सहज म्हणून जुन्या वर्तमानपत्रांत तेच नाव टाकून पाहिलं. १८६९ मधली चार ओळींची बातमी होती: रविवारी सकाळी, चर्चमध्ये प्रार्थना चालू असण्याच्या वेळात बिअर विकल्याबद्दल दंड. मी ज्यांना १८६६ मध्ये पुरलं होतं, ते तीन वर्षांनी रविवारी सकाळी बिअर विकत होते.

माणसं नेमकी इथेच चुकतात. दफनाच्या वहीत नाव आणि वय जुळलं की आपल्याला वाटतं, सापडला. पण त्या काळी एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे तीन-चार जण सहज असत. एक मूल वारलं तर त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायचीही पद्धत होती. शिवाय लेस्टरमध्ये अर्धं गाव मोजे विणणारं. शिरगणतीच्या कागदांवर धंद्याच्या रकान्यात ओळीमागून ओळी 'एफ. डब्ल्यू. के.' अशी तीन अक्षरं दिसतात. मला आधी ती कुठल्या कारखान्याची आद्याक्षरं वाटली. तो असतो फ्रेमवर्क निटर, म्हणजे मागावर मोजे विणणारा. म्हणजे धंद्यावरूनही माणूस वेगळा काढता येईना.

वेगळा काढता आला तो गुत्त्यावरून. विणकर शेकड्याने होते, पण अमुक गल्लीच्या कोपऱ्यावर बिअर विकणारा एकच होता.

आता 'मोठ्या हॉटेला'बद्दल. १८३० मध्ये इंग्लंडात बिअरचा कायदा झाला. त्याआधी दारूच्या दुकानाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागे. या कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही वर्षाला दोन गिनी भरून, मॅजिस्ट्रेटकडे न जाता, स्वतःच्या घरातून बिअर विकायची मुभा मिळाली. लोकांनी अक्षरशः ओसरीवर पिंपं मांडली. १८६९ मध्ये पुन्हा कायदा झाला आणि हे गुत्ते मॅजिस्ट्रेटच्या ताब्यात आले. आमचे खापरपणजोबा यातलेच. पुढच्या खोलीत दोन बाकं आणि पिंप, मागच्या खोलीत विणायचा माग. घराण्याचं हॉटेल ते हेच. सासूबाईंना हे सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागला. त्या मात्र खो खो हसल्या.

कायद्यांची ही कटकट नवशिक्याला उपयोगाची आहे, कारण कुठला कागद कुठे शोधायचा ते त्यावरून ठरतं. पूर्वज १८२८ च्या आधीचा पबवाला असेल तर जिल्ह्याच्या दप्तरखान्यात मॅजिस्ट्रेटची परवान्यांची रजिस्टरं मागा. १८३० ते १८६९ मधला बिअरवाला त्यात सापडणारच नाही. त्याला शोधायचं व्यापारी डिरेक्टऱ्यांत. पिगॉट, व्हाइट, केली अशा प्रकाशकांनी गावोगावच्या धंदेवाल्यांच्या याद्या छापल्या आहेत. लेस्टर विद्यापीठाने त्यांतल्या बऱ्याचशा स्कॅन करून फुकट वाचायला ठेवल्या आहेत. तिथे एक चकवा आहे. 'इन्स अँड टॅव्हर्न्स' ही यादी वेगळी आणि 'बिअर रिटेलर्स' किंवा 'बिअरहाउसेस' ही वेगळी. मी कित्येक दिवस पहिलीच यादी चाळत बसले होते. दुसऱ्या यादीत बहुतेकदा पबचं नावच नसतं, माणसाचं नाव आणि गल्ली असते. आपल्याला तेवढंच हवं असतं. पबच्या नावामागे धावण्यात तसाही अर्थ नाही. 'रेड लायन' म्हणाल तर देशभर शेकड्याने सापडतील.

व्हाइटच्या १८६३ च्या डिरेक्टरीत खापरपणजोबा होते. १८७७ च्या डिरेक्टरीत त्याच गल्लीत त्याच आडनावापुढे 'मिसेस' लागलेलं. हे दिसलं त्या दिवशी मी वाचनालयात मोठ्याने "हां!" म्हणाले आणि शेजारच्या आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. नवरा गेला की परवाना बायकोच्या नावावर होत असे. म्हणजे तो या चौदा वर्षांत गेला, आणि दंडाच्या बातमीमुळे १८६९ नंतर. आठ वर्षांची खिडकी उरली. परवाना दुसऱ्याच्या नावावर झाल्याच्या नोंदी वर्तमानपत्रांत कोर्टाच्या बातम्यांखाली एकेका ओळीत येतात. त्या चाळल्यावर १८७३ चा वसंत हाती आला. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूची सरकारी नोंद होते आणि त्या काळची तिची सूची तिमाहीवार आहे. मार्चच्या तिमाहीत तो माणूस मिळाला. दाखला मागवला. कारण क्षय. खबर देणारी बायको, 'मृत्यूसमयी हजर', आणि सहीच्या जागी एक फुली. लिहिता न येणाऱ्या त्या बाईने पुढे बरीच वर्षं बिअरचा हिशेब कसा ठेवला असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

वर्तमानपत्रांत शोधताना पबचं नाव टाकून काही मिळालं नाही तर मालकाचं टाकून बघा. त्या काळी अकस्मात मृत्यूची चौकशी पबमध्येच भरायची, कारण पंच बसवायला तेवढी मोठी खोली गावात दुसरी नसे. बातमी 'अमक्याच्या घरी चौकशी झाली' अशी येते आणि तो अमका म्हणजे पबवाला. १९०२ च्या कायद्याने दुसरी सोय असेल तिथे हे बंद केलं. लिलाव, क्लबांच्या बैठका, मयतीसाठी आठवड्याला पेनी-पेनी जमा करणाऱ्या मंडळ्याही पबमध्येच. आपल्याकडची भिशी आठवा, फक्त नंबर लागतो तो मेल्यावर.

गल्ली हल्ली नसेल तर जुने नकाशे पाहा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे, इंग्लंडचेसुद्धा, फुकट ठेवले आहेत. मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर 'पी. एच.' म्हणजे पब, 'बी. एच.' म्हणजे बिअरचा गुत्ता. आमची गल्ली पाडली गेली आहे. तिथे आता गाड्या लावतात.

दप्तरखान्यात जाताना शिसपेन्सिल न्या, पेन आत चालत नाही. वाचकाचं ओळखपत्र काढायला पत्त्याचा पुरावा लागतो. काउंटरवरच्या बाईंना आपलं कोडं दोन वाक्यांत सांगा. अख्खा वंशवृक्ष ऐकायला त्यांना वेळ नसतो, पण दोन वाक्यांवर त्या नेमकी वही काढून देतात आणि वर "हे घे, मी डक" म्हणतात. हे 'मी डक' म्हणजे लेस्टरकडचं 'बाळा'. साठीच्या माणसालाही तेच.

मग राहिलं थडगं. शहरांमधली चर्चची आवारं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इतकी भरली की ती बंद करून बाहेर मोठ्या दफनभूम्या कराव्या लागल्या. लेस्टरची वेलफर्ड रोडची दफनभूमी १८४९ ची. चर्चच्या वहीपेक्षा अशा दफनभूमीची वही फार कामाची, कारण तिच्यात थडग्याचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकात आणखी कोण कोण आहे तेही कळतं. गरिबांना एकाच खड्ड्यात अनोळखी लोकांबरोबर ठेवत, त्यामुळे एका क्रमांकाखाली दहा नावं दिसली तर ते कुटुंब समजू नका.

वेलफर्ड रोडवर थॉमस कुकही आहेत. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला दारूविरोधी सभेसाठी आगगाडीने माणसं नेली आणि त्यातून सहलींचा धंदा उभा केला, तेच हे कुक. दारूच्या त्या कट्टर वैऱ्याच्या आवारातच आमचे बिअरवाले झोपले आहेत.

आम्ही तिथे नोव्हेंबरच्या एका सकाळी गेलो. दगड मऊ जातीचा, पापुद्रे सुटलेले. लेस्टरजवळच्या स्विथलंड गावच्या पाटीच्या जुन्या दगडांवरची अक्षरं अडीचशे वर्षांनीही कालच कोरल्यासारखी असतात, पण हा तसा नव्हता. दगड घासू नका, खडू किंवा दाढीचा फेस फासू नका. बाजूने तिरका टॉर्च मारा. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि सावलीत दोन नावं वर आली, नवरा आणि बायको.

वहीत मात्र त्या क्रमांकाखाली तीन नावं होती. तिसरं एका मुलीचं, १८८४ मधलं, वय १९, आडनाव अगदीच वेगळं. मी तिला मुलीकडच्या, बहिणींकडच्या, माहेरच्या सगळ्या फांद्यांवर शोधलं. ती कुठेच नव्हती. शेवटी ती १८८१ च्या शिरगणतीत सापडली, गुत्त्याच्याच पानावर, विधवेच्या नावाखाली तिसऱ्या ओळीत. नातं: मोलकरीण. वय १६. जन्मगाव: माहीत नाही.

सासूबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "दगडावर अजून एका ओळीपुरती जागा आहे का गं?"