‘अल-जब्बार’चा अर्थ लावताना या चुका टाळा

‘अल-जब्बार’ हे अल्लाहचं नाव मराठी कानावर पडलं की पाठोपाठ ‘जबर’, ‘जबरदस्त’, ‘जबरदस्ती’ हे शब्द आठवतात आणि तिथेच फसगत होते. आपली जबरदस्ती अरबीतून आलेलीच नाही. ती फारसी ‘झबरदस्त’वरून आली. ‘झबर’ म्हणजे वर, ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वरचढ तो झबरदस्त. मराठीत येता येता ‘झ’चा ‘ज’ झाला आणि दोन वेगळ्या घरचे शब्द भावंडं वाटू लागले. ‘जब्बार’ अरबी आहे. त्याचं मूळ ज-ब-र या तीन अक्षरांत आहे आणि त्या मुळाशी बळजोरीच्याही आधी एक वेगळंच चित्र उभं राहतं: मोडलेलं हाड बसवणं.

मोडलेल्या हाताला बांधतात त्या पट्टीला अरबीत ‘जबीरा’ म्हणतात. वुजू करताना, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुताना, अशा पट्टीवरून नुसता ओला हात फिरवायची मुभा आहे, ती सांगताना फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या, पुस्तकांत हाच शब्द येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्याची रीत लिहून काढली, त्यातली ‘अल-जब्र’ ही क्रियासुद्धा याच मुळातली. वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला मिळवून समीकरण पुन्हा सलग करायचं. बीजगणिताचं युरोपातलं नाव त्यावरूनच पडलं, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये तर हाड बसवणाऱ्यालाच ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत.

फक्त ‘सक्ती करणारा’ किंवा फक्त ‘सांधणारा’

ही चूक दोन्ही बाजूंनी होते. काही जण ‘सक्ती करणारा’ एवढंच लिहून मोकळे होतात, तर काही जण त्या अर्थाला बिचकून ‘मोडलेलं मन सांधणारा’ एवढाच ठेवतात. जुन्या विद्वानांनी या नावाचे तीन अर्थ एकत्र धरलेत. मोडलेलं सांधणारा, ज्याची इच्छा कुणाला अडवता येत नाही असा, आणि ज्याच्यापर्यंत कुणाचा हात पोहोचत नाही इतका उंच. हात पोहोचणार नाही इतक्या वाढलेल्या खजुरीच्या झाडालाही अरब ‘जब्बारा’ म्हणत, तिसरा अर्थ त्यातून उलगडतो.

हे तिन्ही एकमेकांना छेद देतात असं मला वाटत नाही. हाड बसवणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर आणा. तो आधी बोटांनी चाचपून बघतो, मग मनगट घट्ट धरून ओढतो. दुखणारा ओरडतो, हात मागे घ्यायला बघतो, पण पकड ढिली होत नाही. ती ढिली झाली तर हाड वाकडं जुळेल. त्या एकाच हातात जोरही आहे आणि मायाही.

माणसाचा ‘जब्बार’ अल्लाहला लावणं

कुरआनात हा शब्द एकवचन-अनेकवचन मिळून 10 वेळा आला आहे. त्यातल्या नऊ ठिकाणी तो माणसांच्या संदर्भात आहे आणि तिथे त्याचा अर्थ बहुतेक दांडगाई करणारा, उन्मत्त असा आहे. हजरत ईसा (येशू) म्हणतात की अल्लाहने मला जब्बार बनवलं नाही. खुद्द पैगंबरांना सूरह काफच्या (सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय) शेवटी सांगितलं आहे की तुम्ही लोकांवर जब्बार नाही, कुरआनने आठवण करून द्या. अल्लाहचं नाव म्हणून हा शब्द एकदाच येतो, सूरह हश्रच्या 23व्या आयतीत, म्हणजे वचनात. तेव्हा शब्दकोशात ‘जुलमी’ असा अर्थ दिसला तर तो कुणाबद्दल आहे ते आधी बघा. माणसाने स्वतःकडे घेतला तर तो दोष, कारण ती सत्ता त्याची नाहीच.

आणि ती 23वी आयत पूर्ण वाचा. ‘जब्बार’च्या आधी तिथे ‘अस्-सलाम’ आणि ‘अल-मुअमिन’ आलेत, म्हणजे शांती देणारा आणि निर्भय करणारा. शेजारची नावं वगळून एकच उचललं की अर्थ लंगडा होतो.

उच्चाराच्या चुका लहान आहेत, पण सांगायला हव्यात. ‘ज’ हा ‘जन्म’मधला, ‘जग’मधला नाही. ‘ब’ जोडाक्षरासारखा दाबून म्हणायचा. ‘जबार’ म्हटलं की शब्दाचा घाट बिघडतो. ‘अल-रहमान’चं ‘अर्-रहमान’ होताना ‘ल’ लोपतो म्हणून इथेही ‘अज्-जब्बार’ करू नका, इथे ‘ल’ स्पष्ट ऐकू येतो.

‘अब्दुल जब्बार’ या नावाचे तुकडे पाडणं फार सर्रास चालतं. ‘अब्द’ म्हणजे दास, म्हणून अख्खं नाव ‘जब्बारचा दास’. नुसतं ‘अब्दुल’ म्हटलं तर कुणाचा दास ते अधांतरी राहतं, आणि नुसतं ‘जब्बार’ म्हटलं तर दासालाच धन्याचं नाव दिल्यासारखं होतं. माझी विनंती आहे, नाव पूर्ण घ्या.

अमुक इतक्या वेळा ‘या जब्बार’ (हे जब्बार) म्हटलं की शत्रू नमतो, असे आकडे फिरत असतात. त्यांच्या मागे लागू नका. हे नाव घेऊन कुणाचं वाईट चिंतणं म्हणजे हाड बसवणाऱ्याकडे दुसऱ्याचं हाड मोडायची मागणी करणं.

त्यापेक्षा हा शब्द दुआमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, कुठे येतो ते बघा. नमाजमध्ये दोन सजद्यांच्या (कपाळ जमिनीला टेकवण्याच्या) मध्ये बसल्यावर म्हणायची एक दुआ हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. तिच्यात क्षमा, दया, मार्गदर्शन आणि रोजी यांच्या मागणीबरोबर एक शब्द येतो: ‘वज्बुर्नी’. त्याच ज-ब-रचा. अर्थ, ‘आणि मला सांध’. मी कित्येक वर्षं तो घाईत उरकून पुढच्या सजद्यात जात होतो. अर्थ कळल्यापासून तिथे थोडा जास्त वेळ बसतो.