रायफल अडली की आधी बघा

1986 साली रिक्रूट असताना पहिल्याच मोठ्या फायरिंगला माझी रायफल दर राउंडला अडत होती. हातात इशापूरची 7.62 एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), समोर टार्गेट, पाठीशी उस्ताद, म्हणजे हत्यार शिकवणारे प्रशिक्षक. एक राउंड सुटायचा आणि रायफल गप्प. कॉकिंग हँडल ओढायचं, पुन्हा एक राउंड, पुन्हा गप्प. शेजारची पोरं आपापले पाच राउंड संपवून मोकळी झाली, आणि मी आपला विहिरीवर रहाट ओढावा तसा हँडल ओढतोय.

उस्ताद जवळ आले. मला वाटलं, आता रायफल हिसकावतील आणि दोन शिव्या हासडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. उकिडवे बसले आणि विचारलं, "केस बाहर कौन फेंक रहा है? राइफल, या तू?"

मी विचार केला. रिकामी पुंगळी बाहेर पडत होती ती मी हँडल ओढल्यावरच. रायफल स्वतःहून काहीच करत नव्हती. उस्तादांनी नळीवरच्या गॅस सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी असलेल्या गॅस प्लगवर बोट ठेवलं. आदल्या संध्याकाळी सफाई करून मी तो उलटा बसवला होता, ग्रेनेड फेकायच्या बाजूने. त्या बाजूला प्लग वळला की गॅसची वाट पूर्ण बंद होते. एसएलआरच्या तोंडावर एनर्गा ग्रेनेड लावून उडवताना सगळा दाब पुढे जावा, मागची यंत्रणा हलू नये, म्हणून ती सोय होती. म्हणजे रायफल बिघडलेलीच नव्हती. मी तिला जे सांगितलं होतं तेच ती इमानेइतबारे करत होती.

पुढे 24 वर्षांच्या नोकरीत निम्मा काळ मी पोरांना हत्यार शिकवलं. आता गावाकडे भरतीची तयारी करणारी मुलं येतात, एनसीसीचे कॅडेट येतात, पोलीस प्रशिक्षणाला निघालेले येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, फायरिंगच्या वेळी रायफल जॅम झाली तर?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं एसएलआरची देतो, कारण तिच्याशी माझा संसार झाला. नंतर आलेल्या इन्सास रायफलीत राउंडमागे नळी बंद करणारा ब्लॉक खाली-वर होण्याऐवजी बोल्ट फिरून लॉक होतो, एके-47 च्या घराण्यातल्या रायफलींना फिरवायचा गॅस रेग्युलेटरच नसतो, असे फरक आहेत. पण अडण्याची कारणं सगळीकडे भावकीतलीच.

आधी चाल डोक्यात बसवा. ट्रेनिंगमध्ये 'रायफलची चाल' हा धडा पोरं पोपटासारखा पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. गोळी नळीतून पुढे निघते, तिच्यामागचा थोडा गॅस वरच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टन स्लाइडला, म्हणजे ब्लॉकला वाहून नेणाऱ्या सरकत्या पुर्जाला, धक्का देतो. स्लाइड मागे येताना ब्रीच ब्लॉकचं मागचं टोक उचलते आणि लॉक सुटतं. एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड धरून तिला चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेतून, ओढतो, ती इजेक्टरवर आपटून उजवीकडे उडते, हॅमर कॉक होतो. मग रिटर्न स्प्रिंग सगळं पुढे ढकलते, ब्लॉक मॅगझिनमधला, म्हणजे खाली लावलेल्या राउंडच्या डब्यातला, वरचा राउंड लोटत चेंबरमध्ये नेतो आणि लॉक होतो. बस. रायफल अडली म्हणजे ही साखळी कुठल्या तरी एका कडीपाशी थांबली. कुठल्या, ते आतल्या पितळेकडे बघून कळतं: पुंगळी आहे की भरलेला राउंड, आणि तो कुठे उभा आहे.

म्हणून आधी बघायचं. माझ्या वडिलांचा माण तालुक्यात कडबा कुट्टीचा धंदा होता. वैरण अडकली की नवा गडी पहिल्यांदा हात घालून ओढायला जायचा. वडील ओरडायचे, "आधी मोटर बंद कर!" रायफलीतही तेच. बोट ट्रिगरवरून बाहेर, नळीचं तोंड टार्गेटकडेच, हँडल पूर्ण मागे ओढून होल्डिंग ओपनिंग कॅच (ब्लॉक मागेच धरून ठेवणारी खटकी) लावायचा, मग रायफल जरा कलती करून आत नजर. गुंता दिसला तर मॅगझिन आधी काढायचं, कारण ते आहे तोवर खालून नवा राउंड वर यायला टपलेलाच असतो. घाबरलेला रिक्रूट नेमका उलटा वागतो. मॅगझिन तसंच ठेवून हँडल चारदा खटाखट मागेपुढे करतो, आणि एक राउंड अडकला होता तिथे दोन अडकवून ठेवतो. शिवाय काय अडकलं होतं याचा पुरावाही घालवून बसतो.

आता मॅगझिन. मला कोणी विचारलं की दहा रायफली अडल्या तर आधी कशावर संशय घ्याल, तर मी डोळे मिटून मॅगझिन म्हणेन. रायफलीची सगळे पूजा करतात, मॅगझिनला पत्र्याचा डबा समजतात. त्याच्यावर बसतात, जमिनीवर आपटतात, एकाने तर माझ्यासमोर तंबूची मेख ठोकली होती. पत्र्याला पोचा आला की राउंडना खालून वर लोटणारा आतला प्लॅटफॉर्म तिथे घासतो आणि स्प्रिंगचा जोर असूनही राउंड वेळेवर वर येत नाही. ब्लॉक रिकामा पुढे जातो. तुम्ही ट्रिगर दाबता, नुसता 'टक्' असा आवाज येतो. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं.

वरच्या दोन ओठांचं दुखणं जरा वेगळं. ते ओठ राउंडला ठरलेल्या कोनात धरून ठेवतात. एक ओठ फाकला तर राउंड आधीच सुटतो आणि टोक वर करून चेंबरच्या कडेला आपटतो. ओठ आत दबला तर राउंड सुटायला कुरकुरतो आणि टोक खाली जातं. आत नजर टाकल्यावर भरलेला राउंड तिरका, नाक ठेचलेलं दिसलं की रायफलीला दोष देऊ नका. दुसरं मॅगझिन लावा. त्यावर रायफल सुरळीत चालली तर चोर सापडला. पक्कडीने ओठ सरळ करायला मात्र बसू नका. ते आरमोररचं, म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याचं काम, आणि बहुतेकदा तोही ते मॅगझिन बाद करणंच पसंत करतो.

बसवण्यातही चूक होते. एसएलआरचं मॅगझिन सरळ खालून घुसत नाही. पुढची कड आधी अडकवायची आणि मग मागची बाजू वर ओढायची, कॅच बसल्याचा आवाज येईपर्यंत. आवाज आल्यावर एकदा खाली ओढून बघायचं. अर्धवट बसलेलं मॅगझिन पहिला राउंड देतं, दुसऱ्याला झटक्याने खाली सरकतं, आणि पोरगा म्हणतो, "सर, रायफल खराब." भरताना राउंडचं बूड मागच्या भिंतीला टेकलेलं हवं. भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर दोनदा हलकेच आपटायची माझी सवय आहे. 20 चं मॅगझिन असलं तरी मी 18 च भरायचो. जुन्या स्प्रिंगवर तेवढी दया दाखवावी.

दुसरा संशयित गॅस. इथे जवळपास प्रत्येक नवखा उलटं समजतो, म्हणून नीट सांगतो. आत बघितलं आणि रिकामी पुंगळी ब्लॉकच्या तोंडात चिमटलेली दिसली, किंवा पुंगळ्या लांब उडण्याऐवजी पायाशीच टपकताहेत, तर स्लाइड पुरेशी मागे येत नाहीये. गॅस कमी पडतोय. रेग्युलेटर फिरवायला हवा. कुठल्या बाजूला? वर्गात विचारलं की सगळे म्हणतात, "उघडायचा." नळ उघडला की पाणी जास्त, हा घरचा हिशेब. पण एसएलआरचा रेग्युलेटर हा नळ नाही, गळती आहे. जादा गॅस बाहेर सोडायचं भोक तो लहान-मोठं करतो. उघडलात तर गॅस बाहेर निसटतो आणि पिस्टनला कमी मिळतो. बंद केलात तर पिस्टनला जोर मिळतो. प्रेशर कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखं, असं मी सांगायचो, आणि त्याच क्षणी वर्गातल्या निम्म्या चेहऱ्यांवर उजेड पडायचा.

मग पूर्ण बंदच करून का टाकू नये? हा प्रश्न विचारणारा पोरगा मला आवडतो. तसं केलं तर रायफल चालते, पण स्लाइड गरजेपेक्षा जास्त जोराने मागे आपटते. खांद्याला दणका वाढतो, पुर्जे लवकर झिजतात, आणि कधी एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कडच उपटून काढतो. म्हणून रीत अशी: उघड्या बाजूने सुरुवात करून एकेक खाच बंद करत जायचं. जिथे रायफल पहिल्यांदा नीट चालू लागते, तिथून आणखी 2 खाचा बंद. त्या दोन खाचा म्हणजे धूळ आणि काजळीसाठी शिल्लक. दर रायफलीचा हा आकडा वेगळा असतो, तेव्हा आपल्या रायफलीचा नंबर पाठ असतो तसा हाही पाठ असावा. आणि रिक्रूट असाल तर उस्तादाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

ब्लॉक पूर्ण बंद, आत पुंगळी आणि यंत्रणा हललेलीच नाही, असं असेल तर माझा किस्सा आठवा आणि आधी प्लग बघा.

तिसरी अडचण कमी येते, पण तिच्यात पोरं चिडतात. पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि मागून आलेला नवा राउंड तिच्या बुडावर जाऊन टेकतो. कारण बहुधा दोनपैकी एक: चेंबरमध्ये मळ, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग थकलेली किंवा त्याचं नख तुटलेलं. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून नळी आरशासारखी करणारे पुष्कळ भेटतात. चेंबर मात्र तसाच राहतो, कारण इन्स्पेक्शनला साहेब नळीतून बघतात. दुसऱ्या टोकाला तेलाचे भक्त. फायरिंगच्या आधी नळी आणि चेंबर कोरडे हवेत. पिस्टन आणि गॅस सिलिंडरही कोरडे, कारण तिथलं तेल गॅसच्या उष्णतेने भाजून काजळीचा लेप होतो. तेल लागतं ते स्लाइड जिथे घासत जाते तिथे, आणि तेही बोटाने पुसल्याइतकंच. धुळीच्या रेंजवर जास्त तेल म्हणजे मातीला आवतण.

दोन प्रसंगी मात्र हँडलला हातच लावायचा नाही. ट्रिगर दाबला, हॅमर पडला, राउंड चेंबरमध्ये आहे पण सुटला नाही: रायफल टार्गेटकडेच धरून थांबायचं, हात वर करून सांगायचं आणि उस्ताद म्हणतील तेव्हाच पुढचं. बारूद कधी उशिराने पेटते. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, खांद्याला धक्काही नीट बसला नाही, तर फायर तिथेच बंद. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फाटते. खाली केलेल्या रायफलीची नळी तपासेपर्यंत पुढचा राउंड नाही, मग शेजारी कितीही हसोत. कारण शोधायला तोंडाकडून नळीत डोकावणारा एक बहाद्दर मी पाहिलाय. त्याला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. रिकामी एसएलआर सव्वाचार किलोच्या वर भरते, त्यामुळे धडा खोलवर पोहोचला.

पोरांना एक काम मी नेहमी लावायचो. फायरिंग संपल्यावर पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक कमी आली की सगळी डिटेल, म्हणजे फायरिंगची तुकडी, गवतात रांगत शोधते. तो वैताग मी अभ्यासाला जुंपला. अडकलेली पुंगळी वेगळी ठेवायची आणि तिच्याकडे बघायचं. कडेवर ओरखडा आहे? एक्स्ट्रॅक्टरने धरून सोडलीय. तोंड चेमटलंय? बाहेर पडताना ब्लॉकने पकडलीय. अंगावर लांब रेघा आहेत? चेंबर तपासा. चार फायरिंगमध्ये पोरं पितळ वाचायला शिकतात.

मॅगझिनवर मात्र माझा इलाज कधी पूर्ण चालला नाही. अडणाऱ्या मॅगझिनच्या बुडावर मी पांढऱ्या पेंटचा ठिपका द्यायचो आणि कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, वेगळं ठेवायला सांगायचो. एका फायरिंगच्या सकाळी कोतमधून पेटी आली. वरचंच मॅगझिन उचललं तर बुडावर ठिपका नव्हता, पण खरवडल्याचे ताजे ओरखडे होते. कोत एनसीओ म्हणाला, "उस्ताद, इन्स्पेक्शन होतं. घाण दिसत होतं, म्हणून पुसलं."