सर्व्हेतून लोकांचं मन कसं वाचायचं

सर्व्हे आला की आपण पहिलं बघतो कोणाला किती सीट्स, पण खरं सांगू का, तोच भाग सगळ्यात कच्चा असतो. २०२४ च्या लोकसभेला बऱ्याच एक्झिट पोल्सनी एनडीएला ३५० च्या वर नेलं होतं आणि निकाल आला २९३. कारण मतांच्या टक्क्यांवरून सीट्स काढणं वेगळंच गणित आहे, दोन-तीन टक्के इकडेतिकडे झाले की ढिगाने सीट्स फिरतात.

म्हणून सीट्स सोडा आणि मुद्द्यांचे प्रश्न उघडा. त्याच निवडणुकीआधी लोकनीती-सीएसडीएस या जनमताचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा विचारला तर २७ टक्के बेरोजगारी म्हणाले, २३ टक्के महागाई, आणि राम मंदिर फक्त ८ टक्के. टीव्हीवर दिवसभर काय चालू होतं आठवा जरा! त्याच सर्व्हेत ७९ टक्के लोकांनी देश सगळ्या धर्मांच्या लोकांचा सारखाच आहे असं सांगितलं, मला तरी हा आकडा फार मोलाचा वाटतो.

आता सॅम्पल बघा, म्हणजे किती आणि कुठल्या लोकांना विचारलं ते. १००० लोक नीट निवडले असतील तर खरा आकडा साधारण ३ टक्के वरखाली असू शकतो असं धरायचं, पण त्यातल्या १५० तरुणांवरून "तरुणाई काय म्हणते" अशी हेडलाईन केली तर फरक ८ टक्क्यांपर्यंत जातो, ती सरळ सोडून द्या. आणि ट्विटरवरचा पोल? त्यात कोणीही येऊन क्लिक करतं, मग तिथे लाखभर मतं पडली तरी त्यावरून जनमत कळत नाही.